शनिवारची पावती

शनिवारी सकाळी रस्त्यावर माझी गाडी एकटीच असते.
दारावर नगरपालिकेचं चिन्ह, मागच्या सीटवर
आईने बांधून दिलेली झातरची पोळी.
कार्मेलच्या उतारावर भावांनी एव्हाना
ऑलिव्हखाली ताडपत्र्या अंथरल्या असतील.
मी इथे, समुद्रकाठी,
कोण काम करतंय ते बघायच्या कामावर.

नेमणुकीच्या दिवशीच साहेब म्हणाले होते,
"नायेफ, तू द्रूझ. तुला शनिवार चालतो."
चालतो.
दीडपट पगार आहे, न चालायला काय झालं.

झिनोवीचं शटर गुडघ्यापर्यंत खाली,
म्हणजे बंदही आणि उघडंही.
आत शिरायला वाकावं लागतं,
आमच्याकडे दर्ग्याच्या ठेंगण्या दारात वाकतात तसं.
खारवलेला मासा, सिगारेटी, सूर्यफुलाच्या बिया.
रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स
दुधाची पिशवी कोपरात धरून सुटे पैसे मोजतेय,
डोळे मिटतायत, पुन्हा पहिल्यापासून मोजतेय.

तो मला बघून दचकत नाही. गल्ल्याखालून पाकीट काढतो.
"दुकानाचं भाडं, वीज, आणि हा तुमचा देव.
तिघांचं मी वेगवेगळं ठेवतो."
माझा नाही, मी म्हणालो.
"मग कोणाचा?"

मी तारीख लिहिली. वेळ, नऊ वीस.
गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं: दूध.
खोडलं. लिहिलं: व्यापार.
कार्बनखालच्या प्रतीवर दोन्ही उमटलं.

(आमच्या धर्माचं पुस्तक मी वाचलेलं नाही.
ते सगळ्यांपुढे उघडत नाहीत.
आजीने वाचलं होतं. वाचल्यानंतर
ती हळू बोलू लागली, एवढंच आम्हाला कळलं.)

वरच्या मजल्यावरचे सादिया प्रार्थनेहून परतत होते.
खिसे रिकामे, हातात रुमालसुद्धा नाही.
जिन्याच्या तोंडाशी थबकले, आणि माझ्याकडे न बघता,
भिंतीला सांगावं तसं म्हणाले,
"जिन्यात फार अंधार आहे."
सरळ मागता येत नाही त्यांना. मला ठाऊक आहे.
पावतीपुस्तक काखेत धरून
मी बटण दाबलं.

गुडघे दुखतात, म्हणून वाक्यंही पायरीगणिक:
"आजोबा चांदीकाम करायचे. सनाला.
राज्य इमामाचं.
आमच्या शनिवारचं त्याला काय पडलंय.
शुक्रवारी ऊन भिंतीवरून उतरलं
की भट्टीवर राख लोटायचे.
दारात गिऱ्हाईक, कंठा अर्धा, लग्न तोंडावर.
तरी राख.
कोण शिपाई उभा होता तिथे?"

मग बराच वेळ नुसता श्वास.

"आणि ती आज्ञा. वाचतात तरी का हे पुरती?
तू काम करू नकोस, तुझा मुलगा, मुलगी, चाकर, बैल,
आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा.
उपरा, नायेफ! म्हणजे तू.
बैलाचीसुद्धा सुट्टी लिहून ठेवलीय.
तुझी कोणी खाल्ली?"

मला हसू आलं, आणि तेवढ्यात
टक्कन दिवा गेला. या जिन्यातला दिवा
मिनिटभरच जळतो, पालिकेचाच नियम.
दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे आम्ही दोघे.
त्यांनी या वेळी भिंतीला काही सांगितलं नाही.
मीही हात पुढे केला नाही.
कठडा चाचपत, एकमेकांच्या चपला ऐकत
उरलेल्या पायऱ्या चढलो.
दार ढकललेलंच होतं. आतून
रात्रभर मंद आचेवर राहिलेल्या पावाचा वास आला.

खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसलो.
पुस्तकात तेवीस पावत्या कोऱ्या, बारापर्यंत फाडायच्या.
पोळी सोडली. वाळली होती, पण तेल मुरलं होतं छान.
गाडीतला वायरलेस माझं नाव घेत होता,
झिनोवी शटर आणखी वीतभर वर करत होता,
मी चावत होतो, सावकाश.